घशाचा कर्करोग : साध्यासाध्यविचार आणि जैविक निदर्शक

कोणत्याही व्याधीच्या चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी त्याची साध्यासाध्यता ठरवावी, हा आयुर्वेदाचा आग्रह आपणा सर्वांस परिचित आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात साध्य व्याधींचे सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य आणि असाध्य व्याधींचे याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगितले आहेत. व्याधी नवा असणे, उपद्रवरहित असणे, रुग्णाचा देह औषध सोसण्यास समर्थ असणे आणि चिकित्सेचे चारही पाद अनुकूल असणे ही सुखसाध्यतेची प्रमुख लक्षणे त्यांनी तेथेच दिली आहेत. सुश्रुताचार्यांनी मुखरोगांच्या चिकित्सेचा अध्याय संपविताना असाध्य मुखरोगांची यादीच दिली असून तीत स्वरघ्न, वलय, वृंद, गलौघ, मांसतान, शतघ्नी अशा कंठगत व्याधींचा समावेश आहे. यांपैकी एखाद्या व्याधीचे आजच्या घशाच्या कर्करोगाशी शब्दशः समीकरण मांडणे आम्हास उचित वाटत नाही. परंतु प्रश्न तोच आहे : हा रुग्ण बरा होईल काय, कशाने होईल आणि किती काळ हाती आहे?

गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळाही देऊ लागली आहे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा किंवा रक्त तपासून रोगाची पुढील वाटचाल सुचविणाऱ्या ज्या खुणा मिळतात, त्यांस जैविक निदर्शक किंवा प्रचलित भाषेत मार्कर म्हणतात. मुंबई, नाशिक वा छत्रपती संभाजीनगर येथील रुग्णालयांतून परतलेले जळगाव-धुळ्याकडील रुग्ण या अहवालांची जाड फाईल घेऊन प्रथम आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतात. ‘पी-१६ निगेटिव्ह म्हणजे आता काही खरे नाही का?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. औषधालयाच्या काउंटरवरही हाच प्रश्न येतो. त्याचे उत्तर चुकीच्या धीराने दिले तर रुग्ण फसतो. चुकीच्या निराशेने दिले तर तो चालू उपचार सोडून देतो. म्हणून या निदर्शकांचा नेमका अर्थ, आणि मुख्यतः खानदेशातील रुग्णाच्या बाबतीत त्यांचे मोल, या लेखात पाहावयाचे आहे.

घसा हा एक अवयव नव्हे

लोकव्यवहारात ‘घशाचा कॅन्सर’ हा एकच शब्द आहे. शास्त्रात मात्र त्याची किमान चार स्थाने वेगळी मानली जातात. टॉन्सिल, जिभेचे मूळ व मृदू टाळू मिळून मुखग्रसनी होते. तिच्या खाली अन्ननलिकेच्या मुखाशी अधोग्रसनी असते. श्वासमार्गाच्या आरंभी स्वरयंत्र आणि नाकाच्या पाठीमागे नासाग्रसनी असते. या प्रत्येक स्थानी होणाऱ्या कर्करोगाचे हेतू, वाढीचा वेग आणि साध्यासाध्यता भिन्न आहेत. म्हणून कोणताही निदर्शक वाचण्यापूर्वी अहवालात रोगाचे स्थान कोणते लिहिले आहे, हे पाहणे ही पहिली पायरी होय.

स्वरतंतूवरील कर्करोग लहान असतानाच आवाज बदलतो. त्यामुळे तो लवकर सापडू शकतो आणि आरंभीच्या अवस्थेत केवळ किरणोपचाराने किंवा शस्त्रक्रियेने दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत तेथील रोग आटोक्यात येतो. अधोग्रसनीचा कर्करोग याउलट दीर्घकाळ मूक असतो. घास अडकल्यासारखे वाटणे, एकाच कानात ठणका लागणे किंवा मानेत गाठ येणे हीच त्याची प्रथम लक्षणे असतात आणि तोपर्यंत रोग बराच पसरलेला असतो. पांडुरोगाने दीर्घकाळ ग्रस्त असलेल्या स्त्रियांत अधोग्रसनीच्या, स्वरयंत्रामागील भागात हा रोग आढळतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडील हेतूंविषयी फारशी शंका नाही. २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. धूररहित तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के आणि धूम्रपान करणाऱ्यांचे ३.८ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, स्त्रियांची मशेरी आणि शेतमजुरांची विडी ही सर्व रूपे आपण रोज पाहतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी रुग्णाच्या दातांवरील थर बंदीची कथा वेगळीच सांगतात. तंबाखूच्या जोडीला मद्य आले की घशातील धोका केवळ बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. आपल्याकडील घशाच्या कर्करोगाची ही मूळ प्रकृती ध्यानात ठेवली, तर पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

पी-१६ : पाश्चात्त्य देशांतील कथा

घशाच्या कर्करोगातील सर्वांत गाजलेला निदर्शक म्हणजे पी-१६ हे प्रथिन. त्याचा संबंध मानवी पॅपिलोमा विषाणूशी, म्हणजे एचपीव्हीशी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास हा विषाणू कारणीभूत असल्याचे दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच विषाणू टॉन्सिल व जिभेच्या मुळाशीही कर्करोग निर्माण करतो. त्याचे ई-६ हे प्रथिन पेशीतील पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते आणि ई-७ हे आरबी या नियंत्रक प्रथिनास निकामी करते. आरबीचा अंकुश सुटला की पेशी पी-१६ हे प्रथिन भरमसाट तयार करू लागते. म्हणून गाठीच्या तुकड्यास विशिष्ट रंग देऊन ७० टक्के किंवा अधिक पेशींत पी-१६ गडदपणे दिसले, तर विषाणूजन्य कर्करोगाची शक्यता मोठी मानतात.

२०१० मध्ये अमेरिकेतील डॉ. किआन आंग व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुखग्रसनीच्या विषाणूजन्य कर्करोगाचे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. विषाणूविरहित कर्करोगात हे प्रमाण ५७.१ टक्के होते. अवस्था तीच, उपचार तेच, तरी फरक एवढा! याचे कारण असे की विषाणूजन्य गाठीत पी-५३ चे जनुक मुळात शाबूत असते, त्यामुळे किरणोपचाराने जखमी झालेली पेशी मरू शकते. तंबाखूने घडविलेल्या गाठीत हेच जनुक बहुधा कायमचे बिघडलेले असते. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अवस्थानिश्चितीच्या आठव्या आवृत्तीत पी-१६ पॉझिटिव्ह मुखग्रसनी कर्करोगास स्वतंत्र कोष्टक देण्यात आले.

यातून एक मोह उत्पन्न झाला. रोग इतका सौम्य असेल तर उपचारही सौम्य का करू नयेत? सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध वापरून पाहणारे दोन मोठे अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंतही सौम्य मानलेल्या उपचाराने अधिक रुग्ण दगावले. निदर्शक चांगला आला म्हणून सिद्ध चिकित्सा कमी करू नये, हा त्यातील धडा आहे. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग किरणांचे शेवटचे दहा दिवस सोडले तर चालेल ना?’ असे विचारणाऱ्या रुग्णास आपण हाच धडा समजावून सांगावा.

खानदेशात पी-१६ कसा वाचावा

आता आपल्याकडे वळू. पहिली गोष्ट, पी-१६ ला साध्यासाध्यतेच्या दृष्टीने सिद्ध अर्थ आहे तो मुखग्रसनीतच. स्वरयंत्र व अधोग्रसनीच्या कर्करोगात ही तपासणी नित्य करण्याची शिफारस नाही. स्वरतंतूच्या कर्करोगाच्या रुग्णाने पी-१६ निगेटिव्ह आला म्हणून खचून जाण्याचे काहीच कारण नाही. त्या जागी त्या उत्तराला अर्थच नाही. मात्र मानेत कर्करोगाची गाठ आहे आणि मूळ स्थान सापडत नाही, अशा वेळी गाठीवर केलेली पी-१६ ची तपासणी मूळ रोग टॉन्सिल वा जिभेच्या मुळाशी शोधण्यास साहाय्य करते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पी-१६ हा विषाणू नव्हे, ती विषाणूची सावली आहे. आणि सावली दुसऱ्याही कशाची असू शकते. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या ७,६५४ रुग्णांच्या बहुराष्ट्रीय विश्लेषणात पी-१६ व विषाणू दोन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांपैकी ८१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. दोन्ही निगेटिव्ह असणाऱ्यांत हे प्रमाण ४०.४ टक्के होते. ज्यांच्यात दोहोंपैकी एकच पॉझिटिव्ह होते, त्यांचे प्रमाण ५३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. शिवाय ज्या प्रदेशांत विषाणूजन्य कर्करोग विरळ, तेथे पी-१६ पॉझिटिव्ह पण विषाणू निगेटिव्ह असे फसवे रुग्ण अधिक निघाले. जेथे मुख्य हेतू तंबाखू आहे अशा आपल्या प्रदेशास हे तंतोतंत लागू पडते. पी-१६ पॉझिटिव्ह आल्यास प्रत्यक्ष विषाणूची तपासणी झाली आहे काय, हे विचारणे म्हणूनच युक्त ठरते.

तिसरी गोष्ट डॉ. आंग यांच्याच अभ्यासात आहे. विषाणूजन्य कर्करोग असूनही ज्यांनी दीर्घकाळ धूम्रपान केले होते आणि ज्यांच्या मानेतील ग्रंथींत रोग अधिक पसरला होता, त्यांचा समावेश मध्यम धोक्याच्या गटात करावा लागला. कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के रुग्ण जिवंत होते, तर या गटात ७०.८ टक्के. तंबाखूने विषाणूजन्य रोगाची सुसाध्यताही हिरावून घेतली, असा याचा अर्थ होतो.

अन्य निदर्शक आणि टाटा रुग्णालयाचे कार्य

पी-५३ जनुकातील बिघाडाचा उल्लेख वर आलाच आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीत या जनुकाचे कार्य पूर्णतः विस्कळीत करणारे बदल होते त्यांचे आयुर्मान शस्त्रक्रियेनंतरही कमी आढळले. तथापि या माहितीने आज उपचार बदलत नाहीत. म्हणून केवळ साध्यासाध्यता जाणण्यासाठी ही महागडी तपासणी करण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये. ईजीएफआर हे प्रथिन या कर्करोगात बहुतेक सर्वच गाठींत आढळते. जे सर्वांत आहे, ते कोणास वेगळे दाखवीत नाही.

पीडी-एल-१ हा निदर्शक मात्र उपचाराशी प्रत्यक्ष जोडलेला आहे. कर्कपेशी या प्रथिनाच्या आधारे शरीराच्या रक्षक पेशींना थोपवून धरतात. गाठीत व तिच्यालगतच्या रक्षक पेशींत ते किती आहे याचा सीपीएस नावाचा गुणांक काढतात. रोग परतला असेल किंवा दूर पसरला असेल तेव्हाच याचा मुख्य उपयोग होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कीनोट-०४८’ या अभ्यासात गुणांक २० वा अधिक असणाऱ्यांना पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकार-औषधाने मध्यमानाने १४.९ महिने आयुष्य मिळाले, तर जुन्या उपचाराने १०.७ महिने. प्रश्न खर्चाचा होता. हे औषध पूर्ण मात्रेत घेणे कापूस-केळी पिकविणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे आहे.

या ठिकाणी १९४१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे कार्य गौरवाने सांगितले पाहिजे. तेथील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे दाखविले की, मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांनी अशा रुग्णांना सिस्प्लॅटिनपेक्षा कमी त्रासात किंचित अधिक आयुष्य मिळते : मध्यमानाने ७.५ महिने, विरुद्ध ६.१ महिने. पुढे २०२२ मध्ये त्यांनी तोंडावाटे घ्यावयाच्या तीन औषधांना निव्होलुमॅबच्या अत्यल्प मात्रेची, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅमची जोड दिली. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. रोग परतला म्हणजे सर्व संपले, असे म्हणण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. याप्य आणि प्रत्याख्येय यांतील सीमारेषा सरकते आहे, याची जाणीव आपणास असावी.

अहवालाचे साधे पान

रेणूंच्या या चर्चेत एक साधी गोष्ट झाकली जाते. शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या नित्याच्या पॅथॉलॉजी अहवालात तीन ओळी अशा असतात, की आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत त्यांचे वजन कोणत्याही नव्या निदर्शकाहून अधिक असते. मानेतील लसिकाग्रंथींत रोग आहे काय, ही पहिली ओळ. ग्रंथीत रोग शिरला की बरे होण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते. ग्रंथीचे आवरण भेदून रोग बाहेर पडला आहे काय, ही दुसरी. कापलेल्या कडेपर्यंत रोग पोहोचला आहे काय, ही तिसरी. शेवटच्या दोहोंपैकी एक जरी होकारार्थी असेल, तर किरणोपचाराबरोबर केमोथेरपी दिल्याने लाभ होतो, हे युरोप व अमेरिकेतील २००४ च्या दोन अभ्यासांनी दाखविले. आवरणभेद हा एका अर्थी उपद्रवच होय. रुग्ण फाईल घेऊन आला तर वैद्याने प्रथम या तीन ओळी शोधाव्यात आणि त्यानुसार सुचविलेला पुढील उपचार चालू आहे काय, हे विचारावे.

रक्त आणि देहबल

आपल्या गावातील प्रयोगशाळेतही मिळणारे काही निदर्शक आहेत. हिमोग्लोबिन हा त्यांतील सर्वांत जुना. किरणोपचाराचा प्रभाव पेशीतील प्राणवायूवर अवलंबून असतो. प्राणवायू कमी असलेली गाठ किरणांना दाद देत नाही. पांडुग्रस्त रुग्णांत किरणोपचाराचे फळ कमी मिळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यावरून हिमोग्लोबिन वाढविले की फळ वाढेल, असे अनुमान कोणीही करील. तेच करून पाहिले गेले. जर्मनीतील डॉ. मिखाएल हेन्के यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३५१ रुग्णांच्या अभ्यासात रक्तवर्धक एरिथ्रोपोएटिन दिल्याने हिमोग्लोबिन वाढले खरे, पण रोगाचे नियंत्रण उलट बिघडले. डेन्मार्कमध्ये रक्त चढवून पाहिले, त्यानेही लाभ झाला नाही.

याचा बोध आपल्या व्यवसायास थेट लागू आहे. निदर्शक म्हणजे हेतू नव्हे. जे लक्षण वाईट भविष्य सुचविते ते दूर केल्याने भविष्य सुधारेलच असे नाही. म्हणून मंडूर वा लोहाचे कल्प देताना पांडुत्वाची चिकित्सा एवढाच उद्देश ठेवावा. ‘याने किरण चांगले लागतील’ असे आश्वासन देऊ नये. खानदेशात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेलचा व्याधी आढळतो. अशा रुग्णात रक्त कमी असणे हे लोह कमी असण्याचे प्रमाण नव्हे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या भागांतील रुग्णास लोहकल्प सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची साधी तपासणी करून घ्यावी आणि ती माहिती कर्करोगतज्ज्ञास कळवावी.

नित्याच्या रक्तगणनेतून आणखी एक आकडा काढता येतो : न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर. न्यूट्रोफिल ७२ व लिम्फोसाइट १८ टक्के असतील तर ते ४ येते. हे गुणोत्तर जितके अधिक, तितके भविष्य प्रतिकूल, असे घशाच्या कर्करोगाच्या अनेक अभ्यासांतून दिसते. मात्र त्यास सर्वमान्य सीमा नाही. दातांतील पू, न्यूमोनिया किंवा स्टेरॉइड यांनीही ते वाढते. एकट्या आकड्यावरून कोणतेही विधान करू नये.

देहबल दर्शविणाऱ्या खुणांत वजन सर्वांत बोलके आहे. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरलेला आणि रक्तातील अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमहून खाली गेलेला रुग्ण पूर्ण उपचार सोसू शकेल काय, ही शंका असते. देह सर्वौषधक्षम असावा, ही चरकाची अपेक्षा येथे आकड्यांत उतरते. येथे वैद्याचे साहाय्य खरोखर मोलाचे आहे. उपचार ठरला त्या दिवसापासून दर आठवड्यास वजन नोंदवावे. गिळता येईल असा मऊ, स्निग्ध, पुरेशा प्रथिनांचा आहार आखून द्यावा. गिळणे थांबू लागल्यास नाकातून नळी घालण्यास रुग्णाचे मन वळवावे. किरणोपचारात मुखपाक झाल्यास यष्टिमधू वा मधाचे गंडूष, कवल तज्ज्ञांस विचारून योजता येतात. उपचारकाळात पोटात घ्यावयाची रसायने व भस्मे मात्र तज्ज्ञांस कळविल्याशिवाय देऊ नयेत. सिस्प्लॅटिन वृक्कास पीडा देते, हे एक कारण. दुसरे असे की कॅनडातील ५४० रुग्णांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोपचाराबरोबर जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत, ते चालू असेपर्यंतच्या काळात, दुसरा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. निरुपद्रवी वाटणारे पूरकही या काळात निरुपद्रवी असतेच असे नाही.

जे बदलता येते

आतापर्यंतच्या बहुतेक खुणा केवळ वाचता येतात. काही मात्र बदलता येतात, आणि त्या प्रयोगशाळेत मोजल्या जात नाहीत.

पहिली खूण तंबाखू. कॅनडातील डॉ. जॉर्ज ब्राउमन यांच्या १९९३ च्या अभ्यासात किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत रोग पूर्ण विरला. सोडलेल्यांत व न करणाऱ्यांत ७४ टक्के. दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३९ विरुद्ध ६६ टक्के होते. इतका फरक पाडणारे औषध बाजारात असते तर त्याची किंमत काय झाली असती! निदान झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग?’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा हे आकडे त्यास सांगावेत.

दुसरी खूण उपचारातील सातत्य. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे साडेसहा ते सात आठवडे चालतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी वेगाने वाढतात आणि प्रत्येक वाढीव दिवसामागे रोगनियंत्रणाची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहून थोडी अधिक घटते. आपला रुग्ण मात्र कानबाईच्या उत्सवास, पोळ्यास, आखाजीस किंवा कापूस वेचणीस गावी येतो आणि आठवडाभर राहतो. कोणत्या दिवशी परत जाणे आहे, हे त्यास विचारणे आणि गाडीत बसविणे हे वैद्याचेही काम आहे. कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. ही माहिती कुटुंबास वेळेवर मिळाली, तर कर्ज आणि खंड दोन्ही टळतात.

तिसरी खूण काळाची, चरकांच्या शब्दांत व्याधीच्या नवत्वाची. याच खुणेवर आपला अधिकार सर्वांत मोठा आहे. कारण आवाज बसलेला माणूस कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही, तो आपल्याकडे येतो, नाहीतर औषधालयात जाऊन चघळण्याच्या गोळ्या मागतो. स्वरभेदाची चिकित्सा आपण अवश्य करावी, पण तिला मर्यादा असावी. तंबाखू वा मद्य घेणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीचा आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर औषध बदलण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे. धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी संलग्न रुग्णालयांत त्यासाठी जाता येते. कान निर्दोष असूनही एकाच कानात सतत ठणका, गिळताना एकाच बाजूस टोचणे, थुंकीत रक्त यांनाही हाच नियम लावावा. मानेतील कठीण, न दुखणारी गाठ गंडमाळ समजून महिनोन्‌महिने कांचनार गुग्गुळ देत राहणे, किंवा तपासणीविना क्षयाची औषधे चालू होणे, ही दोन्ही आपल्याकडे घडणारी गोष्ट आहे. अशा गाठीची सुईने तपासणी प्रथम व्हावी.

औषधालयाच्या मालकांस दोन विनंत्या. एकच ग्राहक तिसऱ्यांदा घशाच्या गोळ्या वा काढा घेण्यास आला, तर ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारावे आणि आवश्यक तर वैद्याचे वा रुग्णालयाचे नाव लिहून द्यावे. दुसरे, ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ अशा नावाने होणाऱ्या रक्ततपासण्यांची भलामण करू नये. लक्षणे असलेल्या माणसाचा घसा न पाहता केलेली अशी कोणतीही रक्ततपासणी घशाचा कर्करोग नाही असे सांगू शकत नाही. ती निगेटिव्ह आली की माणूस निर्धास्त होऊन आणखी चार महिने घालवितो. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण यांची गणना होते. घशाच्या कर्करोगात शस्त्र व किरण आपल्या हाती नाहीत. परंतु परिचारक घडविणे, रुग्णास टिकविणे आणि त्यास वेळेवर योग्य वैद्यापर्यंत पोहोचविणे हे आपल्या हाती निश्चित आहे. पी-१६ वा पीडी-एल-१ यांचा अर्थ आपण जाणून घ्यावा, तो रुग्णाच्या भाषेत त्यास सांगावा. त्याचबरोबर आपल्या केसपेपरवर प्रत्येक स्वरभेदाच्या रुग्णापुढे तीन नोंदी असाव्यात : आवाज बसल्याचा दिनांक, तंबाखूचा प्रकार व काळ, आणि आजचे वजन. पुढे तो रुग्ण मुंबईस गेला तर तेथील तज्ज्ञांस या तीन ओळींचा उपयोग होईल. आणि तिसरा आठवडा उलटून गेला आहे, हे आपल्या ध्यानातून सुटणार नाही.